ओकाखालचा झाडपाला

एक

शाळा संपली की बारावीची पोरं गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर लोंबकळतात आणि गावभर ओरडत मोजत सुटतात. एक, दोन, तीन करत बारापर्यंत, आणि बारा झाले की पुन्हा एकपासून. शाळेची वर्षं बारा, म्हणून बारा. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी दबोवित्सात कुत्रंसुद्धा डोळा मिटत नाही. मुलीला नव्या झग्यात दारातून बाहेर आणतात, गायदावाला गालाचे फुगे करून आपल्या वाद्याच्या पिशवीत हवा भरत असतो, आणि शेजारणी कुंपणाला रेलून डोळ्यांनीच झग्याचं माप घेतात. पोरी पुढे जर्मनीला जातात, स्पेनला जातात. लग्न कुठे होईल, होईल की नाही, कोणी सांगावं. बारावीचा नाच मात्र आपल्या दारातून निघतो. आयांना तो पुरतो.

झाफिराची रालित्सा त्या वर्षी बारावीला होती. आणि रालित्सा अंगानं थोराड होती. बापावर गेलेली. मनोल जंगलात लाकूड तोडताना गेला तेव्हा पोर लहान होती. तो गेला आणि त्याचे खांदे तेवढे मागे राहिले, लेकीच्या अंगावर.

स्मोल्यानच्या शिंपिणीनं हिरव्या साटीनचं माप घेतलं. रालित्सा कपडे घालायला पडद्याआड गेल्यावर झाफिरा हळूच म्हणाली, "ताई, घेतलंत त्याहून चार बोटं आत शिवा."

"आणि नाही बसला तर?"

"बसेल."

दोन

झाफिरा झाडपाला विकायची. शनिवारच्या बाजारात, चर्चच्या भिंतीलगत, ती आणि तिची शेजारीण सेव्दा एकाच फळीवर माल मांडत. डोंगरी चहाच्या जुड्या, लिंडनची फुलं, रानगुलाबाची सुकी फळं. शहरातून गाड्या घेऊन येणारे लोक इतर फळ्या ओलांडून सरळ ह्या दोघींकडे यायचे, कारण झाफिरा दुसऱ्याकडून माल घेत नसे. जे विकायचं ते स्वतः खुडायचं, आपल्याच डोंगरावरून, जूनमधल्या एन्योवच्या सणाला, पहाटे दवासकट. जगात सत्त्याहत्तर आणि अर्धा रोग आहेत, म्हणून त्या दिवशी सत्त्याहत्तर आणि अर्धी वनस्पती खुडायची. सत्त्याहत्तरांना नावं आहेत. उरलेली अर्धी नाव नसलेल्या रोगासाठी. ती कोणती, हे झाफिराच्या आईला ठाऊक नव्हतं, आणि आईच्या आईलाही नव्हतं. तरी खुडायची. मुठीत काय काय येतं त्यात ती असेलच, असं म्हणायचं.

जानेवारीत टपालानं रालित्साच्या नावे एक छोटं खोकं आलं.

"हे काय गं?"

"काही नाही."

"काही नाहीला झाकण असतं होय?"

आतल्या डबीवर हिरवं पान होतं आणि पानामागे एक सडपातळ बाई कंबर धरून उभी होती. शंभर टक्के वनस्पतीजन्य, असं लिहिलेलं. झाफिरानं एक कॅप्सूल फोडली, पूड तळहातावर घेतली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि सिंकमध्ये थुंकली.

"कुठल्या डोंगरावरचं आहे हे? कोणी खुडलं? कुठे वाळवलं? ह्या बाईनं? हिच्या हाताला माती तरी लागली आहे का कधी? वर गवताचा भुगा घालतात आणि आत कारखान्यातलं औषध मिसळतात, भूक मारायचं. टीव्हीवर नाही पाहिलंस? त्या पोरीचं काळीज धडधडून बंद पडलं."

आणि हे सगळं तिचं खरं होतं. असं मिसळतात. असं होतं. त्या दिवशी सबंध दबोवित्सात झाफिराइतकी सावध आई दुसरी नव्हती.

"तुला बोलायला काय जातंय," रालित्सा म्हणाली. "त्या झग्यात तुला थोडीच शिरायचंय."

"मग मला सांगायचं होतंस. तुझी आई काय पालापाचोळा विकते?"

"तेच विकतेस."

दोघी हसल्या. खूप हसल्या. डबी फडताळावर मागे सरकवली गेली आणि तिच्यापुढे मिठाची बरणी आली.

तीन

पोदबिचे ओकाच्या झाडाखाली येतं. वीतभर उंच, ओकाचीच पानं कोणी लहान करून डकवावीत तशी त्याची पानं, वर गुलाबी-जांभळी फुलं. चव कडू. पोट बिघडलं, पित्त उसळलं की चिमूटभर पाण्यात उकळायचं, दोन-तीन दिवस प्यायचं, बंद करायचं. एवढाच त्याचा उपयोग घरात चालत आलेला. पण बाजारात येणाऱ्या बायका गेली काही वर्षं सांगत होत्या की त्यानं चरबी वितळते. कडू आहे ना, कडवटपणापुढे चरबी टिकत नाही. झाफिराला ते पटलं. कडू औषध, कडक माणूस आणि थंड पाणी ह्यांच्यावर तिचा विश्वास होता.

चिमटीनं काय होणार! तिनं मूठ घातली. पाणी निम्म्यावर येईपर्यंत आटवलं. सकाळी, दुपारी, रात्री, जेवणाआधी एकेक कप. शिवाय वाळका पाला खलबत्त्यात कुटून मधात कालवला आणि त्याचा एक चमचा झोपताना.

"आई, हे विष आहे."

"विष गोड असतं."

"तू पी मग."

"पिते की." आणि झाफिरानं दुसरा कप भरला. "माझ्या लेकराच्या तोंडात जे जातं ते आधी माझ्या तोंडातून जातं. चल. एक, दोन, तीन."

समोरासमोर बसून दोघींनी नाक धरलं आणि कप रिकामे केले. मग रोजच तसं. रालित्साच्या प्रत्येक कपाला झाफिराची सोबत. तसं झाफिराला त्या कडूपणाचं नवल नव्हतं. तिचं पित्ताचं दुखणं जुनं होतं आणि पोदबिचेचा कप तिच्या चुलीवर वर्षानुवर्षं असायचाच.

चार

लागू पडलं.

मार्चच्या पहिल्या तारखेला मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात, आणि पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की तो सोडून फांदीला अडकवतात. झाफिरानं दोरा बांधला तेव्हा तो घट्ट बसला होता. महिना संपता संपता तो कोपरापर्यंत वर-खाली होऊ लागला. रालित्सा चीज भरलेल्या बानित्साला हात लावीना. बटाट्याचा पातात्निक समोर आला की तोंड फिरवी. पूर्वी तव्यावरूनच पळवणारी पोर! म्हणायची, वासानंच ढवळतं. शाळेतून आली की पांघरूण ओढून पडून राही.

"बघ, भूक कशी मेली," झाफिरा सेव्दाला सांगायची. "एक गोळी नाही, एक सुई नाही."

"मला पण बांधून दे गं एक पुडी," सेव्दा म्हणाली. "माझा स्कर्ट बघ. हुक लावताना अख्खं गाव मदतीला बोलवावं लागतं."

झाफिरानं पुडी बांधली. त्या वसंतात पुष्कळ पुड्या बांधल्या गेल्या.

पाच

तो करकोचा नव्हता, बदामाचं झाड होतं. शाळेच्या फाटकाशी फुललेलं. दोरा सोडायला रालित्सानं हात उन्हात धरला, तेव्हा तिच्या वर्गातली पोरगी म्हणाली, "तुझी नखं बघ, किती पिवळी." मग म्हणाली, "डोळे बघू." मग तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावून तिला घरी घेऊन आली.

प्लोव्दिवच्या इस्पितळात डॉक्टर तोपालोवा नावाच्या बाई होत्या. पिकल्या केसांच्या, पायात लाकडी तळाच्या चपला. त्या यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. त्यांनी रालित्साची पापणी खाली ओढली, पोट दाबलं, आणि झाफिराकडे वळल्या.

"औषधं कोणती चालू होती?"

"कसली औषधं? आमच्या घरात गोळी येत नाही, डॉक्टरीणबाई."

"ताप आला म्हणून काही घेतलं? अंग दुखतं म्हणून?"

"काही नाही. देवाशपथ."

खोटं बोलत नव्हती ती. इस्पितळात औषध विचारतात तेव्हा ते चपट्या पाकिटातलं, कागदावर लिहून दिलेलं, दुकानातून आणलेलं विचारतात. पाण्याला कोणी औषध म्हणतं का? सूप प्यायची का असं विचारलं तर सांगू. चहा प्यायची का असं कोणी विचारलं नाही.

"वजन उतरलंय का हिचं एवढ्यात?"

आणि इथे झाफिराला ती डबी आठवली. मिठाच्या बरणीमागची. आपण घेऊ नको म्हणून बजावलं होतं, पण पोरीनं ऐकलं असेल कशावरून? तिच्या मनात एकदम सगळं जुळलं. रागानं तिला रडूच आलं.

"हिनं इंटरनेटवरून गोळ्या मागवल्या होत्या! मी सांगितलं होतं, डॉक्टरीणबाई, हजारदा सांगितलं होतं!"

"आई, मी एकही—"

"तू गप्प बस. आता गप्प बस."

सहा

डबी आणवली, पूड तपासायला गेली. उत्तर यायला वेळ लागला. तोवर रालित्सा सुधारली. सलाईनवर, इस्पितळाच्या पातळ सुपावर, दुसरं काही न करता तिची लघवी निवळली आणि दह्याची वाटी तिनं मागून घेतली. झग्याचं विचारलं. कागदावरचे यकृताचे आकडे उतरताहेत, असं तोपालोवाबाई म्हणाल्या. मेपर्यंत घरी जाईल.

झाफिरा व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायची. सगळं तर तेच करत होते. सुया त्यांच्या, नळ्या त्यांच्या, भिंती त्यांच्या. लेकीच्या खाटेशी आईला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उशी सारखी करायची. पुन्हा सारखी करायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "ए बाई, ती उशी दमली आता." झाफिरा हसली आणि हात मांडीवर ठेवून बसली. ते हात मोकळे राहणारे नव्हते. त्यांनी आजवर सगळ्या गावाला काही ना काही उकळून दिलं होतं.

सात

ईस्टरच्या शनिवारी ती गावी जाऊन आली. पहिलं अंडं लाल रंगवतात ते घरातल्या पोराच्या गालांवरून फिरवायचं असतं, वर्षभर निरोगी राहावं म्हणून. तिनं ते रालित्साच्या गालांवरून फिरवलं. गाल अजून पिवळट होते, अंड्याचा ओला रंग त्यांना थोडा लागला.

"आता तू खरंच निरोगी दिसतेस," झाफिरा म्हणाली.

"जोकर दिसत असेन."

मग तिनं पिशवीतून थर्मास काढला. यकृतासाठी तिनं खास बांधणी केली होती: काटेरी झाडाचं बी, दुधाळ पानांची मुळं, आणि ज्याच्यावाचून पित्ताचा कोणताही काढा पुरा होत नाही ते. मूठभर.

रालित्सानं वासानं ओळखलं. "आई, नको ना."

"ह्यांचं पाणी शरीरात कुठवर पोचणार? मुळाशी कोण जाणार? घे. मी पण घेते. एक, दोन..."

"तीन," रालित्सा म्हणाली आणि नाक धरलं. नाही कशाला म्हणेल? आईसोबत घेतलेल्या घोटांत तिला कधी वाईट दिसलंच नव्हतं. आणि पाहुण्यांनी काही आणू नये हा नियम केकला होता, दारूला होता. चहाला कोण अडवतं?

थर्मास रोज भरून येऊ लागला.

आठ

आकडे चढले. आधी वाटलं प्रयोगशाळेची चूक असेल. पुन्हा रक्त घेतलं. मग पोटात पाणी झालं. हातापायांच्या काड्या आणि मध्ये पोट, पोरगी सात महिन्यांची गरोदर दिसू लागली. डबीतल्या पुडीचा अहवाल आला: बिच्छू गवताचा पाला, हिरवा चहा, बाकी पीठ. फसवणूक होती, विष नव्हतं. शिवाय एकही कॅप्सूल कमी झालेली नव्हती, झाफिरानं फोडली ती सोडून.

लाकडी चपला व्हरांड्यातून वाजत आल्या आणि खोलीच्या दारात थांबल्या. झाफिरा कपात ओतत होती.

"बाई, माझ्या डोक्यात एकच येतंय," तोपालोवा म्हणाल्या. "इथे आणली तेव्हा ती सुटली होती कशातून तरी. आता ते पुन्हा सुरू झालंय. बाहेरून काहीतरी येतंय." मग त्यांना वास आला असावा. "हे काय आहे?"

"चहा. नुसता."

"कशाचा?"

झाफिरानं सांगितलं. बाजारात गिऱ्हाइकाला सांगायची तसंच, अभिमानानं, एकेक नाव, कोणत्या उतारावरचं तेही. शेवटचं, पोदबिचेचं नाव घेतलं तेव्हा तोपालोवाबाईंनी पुढे होऊन कप तिच्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही. झोपलेल्या माणसाच्या हातातला चष्मा काढतात तसा काढला.

"कधीपासून?"

"इथे ईस्टरपासून."

"आणि घरी?"

झाफिरानं थर्मासचं झाकण लावलं.

"झाफिराबाई, घरी कधीपासून?"

"झग्याचं माप घेतलं तेव्हापासून."

तोपालोवा खाटेच्या कडेला बसल्या. त्या कधी बसत नसत. "फ्रान्समध्ये वजनाच्या गोळ्यांत हीच वनस्पती घालत होते," त्या म्हणाल्या. "हीच. माणसं पिवळी पडायला लागली, तेव्हा बंद केली. सगळ्यांनाच होतं असं नाही. कोणाला होईल ते आधी कळत नाही. एकदा होऊन बरी झाली आणि पुन्हा घेतली, तर दुसऱ्या वेळी जास्त जोरात होतं."

"पण त्यात काही मिसळलेलं नाही, डॉक्टरीणबाई. शुद्ध आहे. मी स्वतः खुडलंय."

"हो," तोपालोवा म्हणाल्या. "शुद्धच आहे."

"पण गुण आला होता! वजन उतरलं होतं तिचं!"

"भूक मेली होती. यकृत बसायला लागलं की पहिली भूक मरते. तो गुण नव्हता, बाई. तोच आजार होता."

नऊ

"मग मी मरणार आहे का?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"आई, मी रागावले नाहीये. तू पण पीत होतीस ना."

दहा

सोफियाला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता दुसरं यकृत हाच उपाय. मेलेल्याचं मिळण्यासाठी रांग आहे, आणि रांग पुढे सरकावी इतकी माणसं आपल्या देशात अवयव देऊन मरत नाहीत. पण जिवंत माणूसही आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकतो. उरलेला पुन्हा वाढतो.

"पुन्हा वाढतो?" झाफिरानं विचारलं. "छाटलेल्या झाडासारखा?"

"साधारण तसाच."

ती उठूनच उभी राहिली. जणू आत्ताच, इथेच, बाही वर करायची होती. कितीतरी दिवसांनी करण्यासारखं काहीतरी निघालं होतं, आणि ते तिच्याच अंगात होतं. घ्या. सगळं घ्या. वाढलं नाही तरी चालेल. रक्तगट जुळला तेव्हा खालच्या दुकानातून तिनं एक बानित्सा घेतली आणि उभ्यानं अर्धी खाल्ली, अंगात ताकद हवी म्हणून. उरलेली गिळवेना. अलीकडे भूक तिलाही नव्हती. काळजीनं असेल, असं तिला वाटत होतं.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर तरुण होते. समोर झाफिराच्या यकृताचे फोटो लावून बसले होते, ढगासारखे करडे, आणि ढगात गाठी.

"तुम्ही दारू पिता?"

"ईस्टरला घोटभर."

"कधी कावीळ झाली होती?"

"नाही."

"मग हे कशानं?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "व्रण आहेत. जुने आणि नवेही. कितीतरी वर्षांचे. ह्यातला तुकडा काढला तर तुम्ही टेबलावरच जाल, आणि तो तिच्या पोटातही जगणार नाही." मग त्यांनी कागद चाळले, तोपालोवाबाईंचं टिपण वाचलं, आणि वर पाहिलं. "तो चहा तुम्ही स्वतः—?"

"प्रत्येक कप," झाफिरा म्हणाली. "माझ्या लेकराला जे देते ते मी आधी..."

तरुण डॉक्टर टेबलावरची पेन्सिल नीट ठेवत राहिले.

"दुसरं जवळचं कोणी?"

मनोलचा भाऊ स्पेनमध्ये होता. त्याचा गट जुळला नाही.

अकरा

सेव्दाचा फोन दुपारी आला.

"कशी आहे आपली मुलगी?"

"झोपते. उठते तेव्हा मला ओळखते कधी कधी."

"डॉक्टरांनीच बिघडवलंय, सगळा बाजार म्हणतोय. घरून चालत गेली होती पोर! बरं, तू काळजी करू नकोस, फळी मी सांभाळते. तुझ्या पुड्या संपत आल्या. बारावीच्या आया रांगा लावतात अजून."

"कसल्या पुड्या?"

"अगं, पोदबिचेच्या. दुसऱ्या कसल्या!"

"सेव्दे, विकू नकोस. जाळून टाक. माळ्यावरचं पोतं पण."

"वेडी झालीस का? चांगला माल..."

"त्यानंच झालंय हिला. त्यानंच. डॉक्टरांनी दाखवून दिलं. माझं पण यकृत खाल्लंय त्यानं."

फोनमध्ये थोडा वेळ बाजाराचा आवाज आला, कोणीतरी कांद्याचा भाव करत होतं. मग सेव्दा समजूत घालायच्या सुरात बोलू लागली, दुःखात माणूस बरळतो त्याला घालतात तशी. "झाफिरे, ऐक. माझी आई प्यायली, तुझी आई प्यायली. आपल्या डोंगरावरचं आहे, आपण स्वतः खुडलंय, एन्योवच्या पहाटे. शुद्ध आहे गं. त्यात काय असणार?"

झाफिराचीच वाक्यं होती. त्याच क्रमानं.

"तू घेतेस अजून?"

"मग! माझा स्कर्ट बघशील तर ओळखणार नाहीस, दोन बोटं सैल झालाय. जेवणावरची वासनाच उडाली, इतकं छान लागू पडलंय."

"सेव्दे! सेव्दे, तुझे डोळे बघ आरशात. आत्ता. कोणाला तरी बघायला सांग..."

"बरं बरं. गिऱ्हाईक आलंय, ठेवते. पोरीला माझा पापा दे."

नंतर सेव्दानं उचलला नाही. बाजाराच्या वेळी ती उचलतच नसे.

खोलीत डॉक्टरांची फेरी झाली होती. रोज सकाळ-संध्याकाळ ते रालित्साला अंक मोजायला लावत. यकृत थांबलं की विष डोक्यात चढतं, ते किती चढलंय हे त्यावरून कळतं. आधी ती वीसपर्यंत सरळ म्हणायची आणि उलटंही. मग उलटं गेलं. मग पंधराला अडकू लागली. काल नऊ झाले होते, आणि नवाच्या पुढे ती हसली होती, जणू तिथे काहीतरी गमतीदार होतं.

मेची अखेर होती. परिचारिकेनं खिडकी उघडून ठेवली होती, लिंडनची झाडं फुलायच्या बेतात होती. कपाटात हिरवा झगा टांगलेला होता. स्मोल्यानच्या शिंपिणीनं तो न सांगता पुरा करून पाठवला होता, सांगितल्याप्रमाणे चार बोटं आत. खांद्यांतून आता तो गळून पडला असता. पोटावर लागला नसता.

पहिली गाडी कोपऱ्यावरून आली तेव्हा झाफिराला आधी भोंगाच ऐकू आला. मग पोरांचा आवाज, घसे बसलेले, सगळे मिळून. इथल्या कुठल्यातरी शाळेचे. दबोवित्साच्या रस्त्यावरही ह्याच वेळी निघाले असतील. फाटकाशी रालित्साची जागा मोकळी ठेवून गायदावाला पुढच्या घरी गेला असेल.

एक!

रालित्सानं डोळे उघडले. ते इतके पिवळे होते की त्यांत पाहवत नव्हतं. झाफिरानं पाहिलं.

दोन! तीन!

"आमचेच आहेत," रालित्सा म्हणाली. आवाज जड, जीभ मागे पडलेली, पण शब्द कळले. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला. लाल-पांढरा दोरा मनगटावरून घसरून चादरीत पडला होता. तो कधी कुठल्या फांदीला बांधला गेलाच नव्हता.

"हो, तुमचेच."

"चार," रालित्सा म्हणाली. बाहेर ते केव्हाच पुढे गेले होते. ती आपल्या चालीनं निघाली. "पाच." मध्ये खूप वेळ गेला. "सहा."

खालची गाडी बारापर्यंत पोचली, आरोळी झाली, भोंगे वाजले, आणि आवाज वळणाआड गेला. रालित्साचे ओठ हलत होते. सहाच्या पुढचा तिला सापडत नव्हता. ती आईकडे बघत होती, कपापुढे नाक धरून बघायची तशी. तू म्हण मग मी म्हणते.

झाफिरा तिच्या कानाशी वाकली.

"सात," ती म्हणाली. "सात म्हण, माझे आई. आठ. नऊ."

थांबून तिनं वाट पाहिली.

"दहा."

रालित्साचे डोळे उघडेच होते, पण ते आता खिडकीकडेही नव्हते आणि आईकडेही नव्हते. दुसरी गाडी दूर कुठेतरी पुन्हा एकपासून सुरू करत होती. झाफिरानं लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. खुडण्याचे, कुटण्याचे, उकळण्याचे हात.

"अकरा," ती म्हणाली.